डब्यात गेलेला केक

रंगाऱ्यावर तीस वर्षं एकच आळ होता. ताईच्या लग्नातला तीन मजली केक त्याने पाडला. त्याचं म्हणणं, छे, ताईच मागे सरकली आणि तिनेच पाडला. झालं! तेव्हापासून घरात कुणाचाही वाढदिवस असो, ताई सगळ्यांदेखत हुकूम सोडायची, "बाळ्या, तू टेबलापासून लांब उभा राहा." बाळ्या आता बावन्न वर्षांचा. निम्मं शहर त्याने शिडीवर चढून रंगवलंय आणि खालच्या फरशीवर थेंब पडू दिला नाही. पण घरी आला की हा सांडणारा!

मग एक दिवस आईच्या कपाटातून लग्नाची व्हिडिओ कॅसेट निघाली. बुरशी धरलेली. फोटो स्टुडिओवाल्याने कशीबशी तिच्यातली फिल्म पेन ड्राइव्हवर उतरवली, आणि तेवढ्यात कॅसेटच्या टेपचे तुकडे झाले. रंगाऱ्याने लगेच ताईला फोन लावला, "रविवारी ये. पुरावाच दाखवतो." सगळ्यांनी मिळूनच बघायची असं त्याने ठरवून टाकलं. आई तेवढी म्हणाली, "जुनं कशाला उकरून काढताय?" पण ऐकतो कोण!

आता हा पुरावा कुठे ठेवला ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. गेल्या वर्षी गुडघा दुखावला म्हणून रंगारी दोन महिने घरी बसला होता. बसला म्हणजे काय, बायकोच्या डोक्यावर बसला. शेवटी तिने त्याला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात त्याने स्वतःच्या हाताने विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं, तो टीव्हीखाली ठेवला, टीव्हीला जोडला आणि सिनेमे बघायला सज्ज झाला. बायको त्याला डबा म्हणायची. सिनेमे मात्र होते आतल्या खोलीत, तिच्या कॉम्प्युटरवर. तिथे बसून ती पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायची. तिने एक फोल्डर घरातल्यांसाठी खुला केला होता. तो डब्याने आपल्याकडच्या 'घर' नावाच्या रिकाम्या फोल्डरवर आणून लावायचा. याला जाणकार माउंट करणं म्हणतात. रंगारी चढवणं म्हणायचा, रंग चढवतात तसं.

पण तो चढेल तर ना! तीन आठवडे रंगारी टीव्हीपुढे ठाण मांडून बसला होता. डब्याचं एकच उत्तर, परवानगी नाही.

"माझ्याच घरात मला परवानगी नाही!" रंगारी ओरडला.

"ती लग्नापासूनच नाहीये," बायको आतून म्हणाली, "आणि पासवर्डमध्ये एक अक्षर जास्त टाकताय."

अखेर चढला एकदाचा. मग डबा सुरू झाला की फोल्डर आपोआप चढेल, अशी एक ओळही त्याने लिहून ठेवली. अट एकच, आतला कॉम्प्युटर चालू पाहिजे. तो बंद असला तर डबा ओरडत नाही, सांगत नाही, गुपचूप पुढे जातो. मुकाट बसणारी माणसं आणि यंत्रं, दोन्ही घातक हो!

शुक्रवारी बायको छापखान्यात गेली होती. रंगाऱ्याने डबा सुरू केला आणि फिल्म 'घर'मध्ये टाकली. पेन ड्राइव्ह बायकोचा, म्हणून कॉपी न करता कट करून टाकली आणि तो रिकामा करून तिला परत दिला. शहाणा! फिल्म लागते का बघायला पहिलं अर्धं मिनिट त्याने पाहिलं. ताई दिसली, लाजत होती. समाधानाने त्याने डबा बंद केला.

रविवारी सकाळी डबा सुरू करून 'घर' उघडलं, तर तीनशे सिनेमे जागच्या जागी आणि लग्न गायब! त्याने बायकोच्या कॉम्प्युटरवर शोधलं, तिथेही नाही. पेन ड्राइव्हवर तोवर तिची प्रुफं जाऊन बसली होती. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमकी दारात ताई.

"कुठाय पुरावा?"

"होता."

"होता म्हणे! पुसून टाकलास ना?"

"नाही गं ताई, शप्पथ!"

ताई सोफ्यावर बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "बाळ्या, मी ठरवून आले होते. म्हटलं, आज हा जिंकला तरी चालेल, लग्नाची फिल्म तर बघायला मिळेल. एकच होती रे ती." रंगाऱ्याला भयंकर वाईट वाटलं. केक पाडल्याच्या आरोपाने तो तीस वर्षं चिडला होता, पण असं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"माझ्याच कॉम्प्युटरात असेल कुठेतरी कोपऱ्यात," बायको म्हणाली. "डब्यावरूनच शोधा परत, तो चालूच आहे."

"मी जरा आत पडते," म्हणत आई उठली.

दोन मिनिटांत टीव्हीवरचं चित्र गोठलं. पुढे नाही, मागे नाही. रंगाऱ्याने वैतागून डब्याचं बटण दाबून धरलं, बंद केला आणि पुन्हा सुरू केला. 'घर' उघडलं. तीनशेच्या तीनशे सिनेमे गायब! होती फक्त एक फाइल, ताईचं लग्न.

रंगारी आ वासून बघत राहिला आणि मग त्याने कपाळावर हात मारला. "अगं, खालचा हात! शुक्रवारी तुझा कॉम्प्युटर बंद होता. फोल्डर चढलाच नव्हता, सिनेमे दिसत नाहीत हे घाईत माझ्या लक्षातच आलं नाही. मी फिल्म डब्याच्या स्वतःच्या भिंतीवर टाकली. आज तुझा फोल्डर त्यावर चढला. रंगाचा नवा हात दिला की जुना दिसत नाही, पण जातो का कुठे? आता वरचा हात चढला नाही, म्हणून खालचा दिसला!"

"पण माझा कॉम्प्युटर तर चालू होता," बायको म्हणाली आणि आत गेली. भिंतीवरचं बटण बंद होतं आणि सासूबाई डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या.

फिल्म लागली. केक आला. त्याच्या एका बाजूला रंगारी, दुसऱ्या बाजूला ताई, दोघंही केककडे पाठ करून, चांगली चार पावलं लांब. मधून आई आली. काखेत भली मोठी पर्स. तिने इकडेतिकडे पाहिलं, वरचं साखरेचं फूल उचलायला हात लांबवला आणि पर्सचा धक्का लागून तिन्ही मजले खाली! आईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, फूल तोंडात टाकलं आणि सटकली. पुढच्या क्षणाला ताई रंगाऱ्यावर ओरडत होती.

"आऽऽई!"

आई दारात येऊन उभी राहिली. "मला वाटलं, फिल्म सुनेच्या कॉम्प्युटरात आहे. बंद केला की सुटले."

"अगं पण तीस वर्षं?" ताई म्हणाली.

"त्या दिवशी तुझी सासू समोर होती, घाबरले. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, तर तुम्ही दोघं असे भांडत होतात की मला बोलायला फटच मिळेना. मग दहा वर्षं झाली. मग वाटलं, आता सांगितलं तर दोघं एक होऊन मलाच ओरडतील."

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग भावाकडे वळली. "बाळ्या, चुकलं रे माझं."

या वाक्यासाठी रंगाऱ्याने तीस वर्षं एक भाषण तयार ठेवलं होतं. त्यातला एक शब्द त्याला आठवेना. पडद्यावर ताई केकपासून चार पावलं लांब उभी होती आणि तीच मागे सरकली असं तो इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता.

"माझंही चुकलं गं, ताई," तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं.

"झालं ना मग?" आईने दारातूनच विचारलं. "आता मला कुणी ओरडणार नाही ना?"

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकदम म्हणाली, "ओरडणार!"