संध्याकाळी सैल होणारे नट

माझी धाकटी बहीण भारती घरात बसून जीपसाठी टर्बोचा मॅनिफोल्ड बनवते आहे, हे मला सदर भागातल्या चहाच्या टपरीवर कळलं. तेही चेतनच्या तोंडून. चेतन माझं जुनं गिऱ्हाईक. चिखलात आणि खडकांवर गाड्या घालायच्या स्पर्धा असतात ना, त्यात स्वतःची जुनी डिझेल जीप घेऊन उतरणारा हौशी माणूस. "बाबनभाऊ, भारतीताईचा हात म्हणजे एक नंबर आहे जी," असं म्हणून त्याने चहाचा घोट घेतला. मी माझा कप अर्धाच खाली ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातून जळका धूर बाहेर येतो. तो सगळा गोळा करून एका तोंडाशी आणणारा पाइपांचा पंजा म्हणजे मॅनिफोल्ड. टर्बो लावला की तोच धूर टर्बोचा पंखा फिरवतो आणि इंजिनाला जास्तीची हवा मिळते. चेतनला मोठा टर्बो बसवायचा होता, त्यासाठी बाजारात मिळणारा मॅनिफोल्ड चालणार नव्हता. हे काम त्याने आधी मलाच सांगितलं होतं. सदरमध्ये माझं सायलेन्सरचं दुकान आहे, पाइप म्हटलं की या भागात बाबनरावचं नाव निघतं. मी म्हटलं होतं, करून देतो, घाई करू नको. कामाला थोडा उशीर झाला म्हणून काय लगेच माझ्याच बहिणीकडे जायचं?

तर ही भारती. तांडापेठेतल्या आमच्या घरात जन्मली, हातमागाच्या खटखटीत वाढली. बाबा, म्हणजे लहानू कोष्टी, पातळं विणायचे. माग जमिनीत खणलेल्या खड्ड्याच्या काठावर होता. बाबा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे आणि पायांनी पावड्या दाबायचे. भारती बाजूला बसून सुताच्या कांड्या भरायची, मीही भरायचो. दिवेलागणीला बाबा ताणा, म्हणजे मागावरचं ताणलेलं उभं सूत, ढिला करायचे. लाकूड कुरकुरायचं, आणि ते कुरकुरलं की आई ताटं घ्यायची. सकाळी अंघोळीआधी बाबा ताणा पुन्हा आवळायचे. आमच्या घरी घड्याळ होतं, पण त्याकडे कोणी बघत नसे.

मग माग बंद पडला. मी गॅरेजात लागलो, पुढे स्वतःचं दुकान काढलं आणि दुकानाच्या वरच राहायला गेलो. भारतीने आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतला तेव्हा सगळा मोहल्ला हसला होता. मी हसलो नाही, हे नमूद करतो. मी फक्त म्हणालो होतो की, पोरीच्या जातीने आगीशी खेळू नये. तिने ऐकलं नाही. पुढे मिहानमध्ये एका कारखान्यात विमानांच्या भागांचं वेल्डिंग करायला लागली. लग्न झालं. नवरा प्रज्वल मौद्याच्या वीज केंद्रात पाळीवर, सुट्टीपुरता घरी. आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नाही तेव्हा तिने नोकरी सोडली आणि तांडापेठेत येऊन राहिली. येताना स्वतःचं टिग वेल्डिंगचं मशीन घेऊन आली. आणि ते मशीन तिने कुठे लावलं? मागाच्या खोलीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

आता कोणी म्हणेल, बाबनराव, घर तर तुम्हीच सोडलं होतं. हो, सोडलं होतं. म्हणून काय पोटात दुखायचं राहतं?

पण खरं दुखणं मशीनचं नव्हतं आणि चेतनचंही नव्हतं. ते बाबांचं होतं. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला मी बाबांसाठी नवी खुर्ची आणली होती, हातवाली. बाबा आले नाहीत. "तिथे धूर असते गा, माह्या डोळ्याले लागते," म्हणाले. त्यानंतर कितीदा बोलावलं. कधी धूर, कधी ऊन, कधी गुडघा. माझ्या हाताने केलेलं एकही काम त्या माणसाने आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. खुर्चीवर गिऱ्हाइकं बसतात.

टपरीवरून मी सरळ घरी आलो आणि बायकोला, देवकीला म्हटलं, कोथिंबिरीच्या सांबारवड्या कर, बाबांना नेऊन देतो. ती म्हणाली, "आज अचानक बाबा काहून आठवले?" मी डबा काढून दिला. वड्या घेऊन तांडापेठ गाठली.

मागाच्या खोलीत शिरलो आणि दारातच थबकलो. भारती खड्ड्याच्या काठावर बसली होती, अगदी बाबांसारखी, पाय खाली सोडून. जिथे बाबांची पावडी असायची तिथे तिच्या पायाखाली टिगचं पेडल होतं. पाय दाबला की करंट वाढायचा, सैल केला की उतरायचा. समोर फळीवर जीपच्या इंजिनाचं एक जुनं, टाकाऊ हेड ठेवलेलं. त्या हेडवर मॅनिफोल्डची जाड पट्टी, ज्याला फ्लॅंज म्हणतात, नटांनी गच्च आवळलेली. त्या पट्टीतून पाइपांची वळणं निघून एका तोंडाशी जुळत होती. आर्गन गॅसची बारीक सूं ऐकू येत होती, धूर जवळपास नव्हताच. आणि खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, डोळ्यांपुढे वेल्डिंगची काळी काच धरून, आमचे बाबा बसले होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या डोळ्यांना माझ्या दुकानाचा धूर लागतो, त्या डोळ्यांना हा प्रकाश चालतो! काचही तिनेच आणून दिली होती, चारी बाजूंनी कापड शिवून, हाताला लागू नये म्हणून.

"आला का गा बाबन," बाबा काच न काढताच म्हणाले. "पाहा, पोरगी काय करून राहिली."

मी पाहिलं. खोटं बोलत नाही, काम सुंदर होतं. टाके एकावर एक सारखे सरकलेले, पातळाच्या काठासारखे. सगळ्या पाइपांची लांबी सारखी यावी म्हणून तिने प्रत्येक वळणातून सूत ओवून मोजलं होतं. सुताचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं, हेही मला कौतुकाने सांगण्यात आलं. सूतसुद्धा बाबांच्या जुन्या कोनावरचं, म्हणजे मागाच्या रिळावरचं. मी म्हटलं, "जाड पाइप वापरला ते बरं केलं. नाही तर तडकलाच असता."

"तडकत नाही भाऊ," भारती हसून म्हणाली. "आणि थोडं थोडंच करून राहिली मी. रोज एक-दोन जोड, मग तसंच आवळलेलं थंड होऊ द्यायचं."

तिने संध्याकाळचा शेवटचा जोड घातला, हातमोजे काढले आणि चहा ठेवायला आत गेली. बाबा तिथेच बसून राहिले. त्यांच्या बंडीच्या खिशातून एक पाना डोकावत होता. मला हसू आलं आणि रागही आला. म्हातारा आता मिस्त्रीही झाला होता! मी चहा न घेताच निघालो. देवकीने रात्री विचारलं, वड्या आवडल्या का? मी निघेपर्यंत बाबांनी डबा उघडलाही नव्हता.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुकानात सायलेन्सर जोडत होतो आणि डोळ्यांपुढे ती काळी काच धरलेला म्हातारा. एकदा रागात एक जोड असा जाळला की भोकच पडलं. देवाला मी काही मागत नाही, पण तेव्हा मागत होतो. मॅनिफोल्ड फुटू दे म्हणत नव्हतो, इतका वाईट मी नाही. थोडा लीक होऊ दे, एवढंच.

आणि तो लीक झाला.

स्पर्धा तोंडावर आली होती. चेतनने जीप तांडापेठेच्या गल्लीतच आणून उभी केली. मॅनिफोल्ड चढवला, टर्बो लावला, अर्धा मोहल्ला जमला. मलाही निरोप होता, मी दुकान बंद ठेवून गेलो. बाबांसाठी बाज बाहेर काढली होती. चेतनने चावी फिरवली, इंजिन धडधडलं आणि लगेच फट् फट् फट् असा कोरडा आवाज यायला लागला. फ्लॅंजच्या दोन्ही टोकांना काजळी उमटली. धूर टर्बोकडे जायच्या आधीच फटीतून निसटत होता. भारतीचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. छाती भरून बरं वाटलं.

"बाबनभाऊ, तुम्ही पाहा ना जी," चेतन म्हणाला. हीच ती वेळ होती. मी बाह्या वर सारल्या. इंजिन थंड झाल्यावर मॅनिफोल्ड उतरवून बाबांच्या बाजेसमोरच, मुद्दाम त्यांच्यासमोरच ठेवला. फ्लॅंजवर स्टीलची पट्टी आडवी धरली. टोकांशी पट्टीखालून उजेड दिसत होता. फ्लॅंज धनुष्यासारखा वाकला होता.

"गरम असताना नट सैल केले आहेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "लोखंड गरम असताना सोडलं की त्याले वाटेल तसं ते वाकते. पहिल्या वर्षाच्या पोराले समजते हे. कच्चं काम."

"मी नट सोडले नाहीत भाऊ," भारती म्हणाली. "एकदाही नाही. मिहानात हेच तर पहिलं शिकवलं होतं."

"मग काय नट आपोआप सैल होतेत का वं? भूत येते का तुह्या घरी?"

"मी सोडत होतो."

आम्ही सगळे वळलो. बाबा बाजेवर बसून आमच्याकडे बघत होते. खिशातला पाना त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता.

"दिवेलागणीले सोडत होतो, सकाळी ही उठाच्या आधी आवळून देत होतो," ते म्हणाले. "काम थांबलं का ताण सोडाचा. रात्रभर ताणून ठेवलं तर सूत तुटते. हिले एवढ्या गडबडीत कुठे आठवते? म्हणून मीच करत होतो."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाबांनी विचारलं, "काहून? लोखंडाले नाही चालत का?"

"नाही बाबा," भारती त्यांच्या पायाशी बसली. डोळे पुसत हसत होती. "लोखंडाले तसंच आवळलेलं थंड होऊ द्या लागते."

"अस्सं काय," बाबा म्हणाले आणि पाना तिच्या हातात देऊन टाकला. "माह्यानं नुकसान झालं मग तुहं."

"काही नाही झालं. मी फ्लॅंज जाडच घेतला होता. मशीनवर घासून सपाट करू, होऊन जाते."

झालंही. चेतनने तिथल्या तिथे मॅनिफोल्ड उचलून मशीनवाल्याकडे नेला, मग त्याने आणि भारतीने मिळून तो पुन्हा चढवला, आणि स्पर्धेआधीच ती जीप माझ्या दुकानासमोरून शिट्टी वाजवत गेली. टर्बोची शिट्टी होती, गळतीची नव्हे. आता चेतनचे सगळे दोस्त तांडापेठेला जातात. मागाच्या खोलीवर भारतीने पाटी लावली आहे. बाबा रोज काठावर बसतात, फक्त आता पाना त्यांच्याजवळ नसतो.

मोहल्ला अजून तो किस्सा हसत सांगतो. बाबन बहिणीची चूक पकडायला गेला आणि बाप पकडला म्हणतात. म्हणू दे. त्या दिवशी गल्लीत मी इतकं अचूक ओळखलं, पट्टी धरून दाखवलं, बाबांच्या डोळ्यांसमोर. त्यावर बाबांनी एक शब्द काढला नाही. घरी जायला निघालो तेव्हा फक्त म्हणाले, "वड्या चांगल्या होत्या, देवकीले सांगजो."

देवकी म्हणते, अहो, त्यांनी भारतीचं काम बिघडवलं, त्यात जळण्यासारखं काय आहे? तिला कसं समजावू? ज्या माणसाने आयुष्यभर फक्त स्वतःच्या मागाचा ताणा सोडला, त्याने भारतीच्या कामाचा सोडला. आपलं समजून सोडला. बिघडवलं तरी आपलं समजून बिघडवलं. माझ्याकडे तो बिघडवायलासुद्धा आला नाही.

आता रोज संध्याकाळी दुकान बंद करताना मी एखादा पाइप व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, गच्च आवळून ठेवतो. गरज नसते. ती हातवाली खुर्ची त्याच्याजवळ सरकवून ठेवतो आणि वर जातो. सकाळी खाली आलो की शटर उघडून आधी व्हाइसचा दांडा हलवून पाहतो. जसा आवळला होता तसाच असतो.