डब्याच्या पत्र्याचं चिलखत

माझा शेजारी साठीतला आहे, पण मोबाईलवर परग्रहावरच्या लढाया पाहतो आन् तिथल्या शिपायांवर चिडतो. "आबा, एवढं चिलखत घालून एका गोळीत आडवे! नुसता देखावा हाये." बोलताना समोरच्याच्या छातीवर टकटक करायची त्याला सवय. मी म्हणलो, चिलखत फुकटचं वझं, हिंमत पाहिजे. आन् मी शब्द मागं घेत नसतो. त्यानंही हट्टानं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सोताचं चिलखत बनवलं.

परवा माझ्या गोठ्याजवळच्या चिंचेवरचं आग्या मोहोळ उठलं. गाय खाली बांधलेली, हंबरून राहिली. मी दाराआडून माशांना शिव्या देऊन राहिलो. तेवढ्यात हा आला. अंगात पत्रा, डोक्यात हेल्मेट, गळ्याला गच्च टावेल. गाय सोडून त्यानं शिवारात पिटाळली. पण कमरेखाली नेहमीचं धोतर होतं, आन् माशांना तेवढी वाट पुरली.

संध्याकाळी बाजेवर पालथा पडून मला इचारतो, "आबा, चिलखत बराबर होतं का न्हाई?"

छातीपाठीला एक डंख नव्हता. माझी गाय दावणीला रवंथ करून राहिली होती.

"व्हय बाबा, बराबर होतं," मी म्हणलो. "फकस्त आता उताणा होऊ नको."