तीन सुपांची ज्वारी

फोन आला तेव्हा मी अमरावतीला लेकीकडे होते. "काकू, आई गेली," विनोद एवढंच बोलला आणि रडायला लागला. असं कसं, म्हटलं, दोन दिवसांआधी तर बाई फोनवर माझ्यावर खेकसल्या होत्या... "बियान्याची कणसं उतरवाले ये. मायाच्यानं आता पाटावर चढनं होत नाई." पेरणीला अजून वेळ आहे, म्हणून मीही उलटून बोलले होते.

विनोदची आई वच्छलाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही आणि मलाही नाही, म्हणून आमचं शेवटी चांगलं जमलं. पण त्याआधी आम्ही पोटभर भांडून घेतलं.

सासरे गेल्यावर वलगावजवळच्या आमच्या वावराची तिघा भावांत वाटणी झाली. आमच्याकडची रीत अशी, की मोठ्यानं हिस्से पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. रस्त्याकडची जमीन हलकी पण येण्याजाण्याला सोयीची, नाल्याकडची काळीभोर. दोन्ही सगळ्यांनाच हवी. म्हणून बाईंच्या मालकांनी रस्त्यापासून नाल्यापर्यंत वावर उभं चिरलं, लांबच लांब तीन पट्टे. आम्ही धाकटे, एका कडेचा उचलला. दुसऱ्या भावानं दुसऱ्या कडेचा. मधला कोणालाच नको असतो, त्याचा धुरा, म्हणजे बांध, दोन्हीकडून कोरला जातो. तो बाईंच्या वाट्याला राहिला. वाटणी अगदी न्यायाची झाली, फक्त त्या न्यायात ज्वारीला जागा उरली नाही. एवढ्याशा पट्ट्यात काय काय लावणार? तिघांनीही सोयाबीन धरलं. आम्ही हौसेनं नाल्याकडे थोडी ज्वारी पेरली, तर साऱ्या शिवारात तेवढीच. मग काय, गावची सगळी पाखरं आमच्याच पंगतीला. उरलंसुरलं रानडुकरांनी पाहिलं. आमच्या हाती कडबा आला. पुढच्या वर्षी कोणीच पेरली नाही, आणि ज्या घरात धान्याच्या ढोल्याचा तळ कधी दिसला नव्हता तिथं ज्वारी दुकानातून पिशवीत यायला लागली.

धुरा कोरण्यावरून बाईंचं आणि माझं बोलणं बंद होतं. तरी एका भर दुपारी त्या सरळ आत आल्या आणि आमच्या ढोल्यात खांद्यापर्यंत हात घातला.

"रिकामाच हाय ना?"

"इकत मिळते ज्वारी," मी फणकारले.

"मिळते ना. पण इकतची मोजून खा लागते. काल घरी पाहुना जेवून राहिला होता, त 'आनखीन एक घ्या' म्हनाची मी थांबली. मले लाज वाटली वं, माय."

मी पाटावरून उठले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. भांडण तिथंच संपलं.

त्यांनी मनात सगळं ठरवूनच आणलं होतं. तिन्ही पट्ट्यांचं नाल्याकडचं टोक ज्वारीला सोडायचं, धुऱ्याला धुरा लागून. बियाणं एकच आणि पेरणी एकाच दिवशी, कारण ज्याचं कणीस आधी भरतं त्यावर पाखरं तुटून पडतात. राखण पाळीपाळीनं. "कागदावर तीन वावरं हायत, पन पाखराले एकच दिसलं पायजे. खातीन थे, पन तिघायचं थोडं थोडं खातीन." तसंच झालं. तिन्ही घरचे ढोले पुन्हा भरले.

बियाणं बाईंच्या घरी असायचं. निवडक कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली, धुरानं काळी पडलेली. धूर लागला की कीड लागत नाही. पेरणीच्या आदल्या दिवशी त्या तीन सुपं मांडायच्या आणि ओंजळीनं बियाणं घालायच्या. माझं सूप कमी भरलं, असं मी दर वर्षी कुरकुरायची. "घे, भुकेली," म्हणत त्या आणखी चिमूटभर टाकायच्या. मचाणावर डबडं बडवत केलेली राखण, मधेच भाजलेला हुरडा, तिळाची चटणी, आणि दिवसभर सासरच्या माणसांची निंदा... माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी विनोद म्हणाला, "काकू, आपला पट्टा ठोक्यानं देऊन राहिलो. घेनारा सोयाबीन लावतो म्हनते." तो अकोल्याला नोकरीला, पट्टा दुसऱ्याला भाड्यानं कसायला दिला तर त्याचं तरी काय चुकलं? पण मधे सोयाबीन आलं की आमची दोन टोकं सुटी पडतात. पाखरांना दोन घास.

"मंग आमची ज्वारी?"

"इकत मिळते ना, काकू."

माझंच वाक्य माझ्यापुढं आलं.

संध्याकाळी त्याच चुलीवर मी बाईंच्या ढोल्यातल्या ज्वारीच्या भाकरी केल्या, अंबाडीची भाजी केली. विनोद मान खाली घालून जेवत होता. तेरा दिवस त्याला धड अन्न गेलं नव्हतं. मी वाढत गेले, तो खात गेला.

"किती झाल्या, काकू?"

"मोजू नको. तुया मायनं या घरात कोनाले मोजू देल्या नाईत."

त्याचा घास हातातच राहिला. त्यानं वर आढ्याला टांगलेल्या कणसांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पेरनी कवा करता तुमी?"

याला होकार म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. तो अकोल्याला परत गेला. परवा मीच पाटावर चढून कणसं उतरवली. माझेही गुडघे आता बाईंसारखेच बोलतात. तिन्ही सुपं धुऊन उन्हात ठेवली आहेत.