मोज्यांवरचा कर

आंजर्ल्याचे आमचे सारंग, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे मुकादम, त्या दिवशी मागून आले नसते तर पहिल्याच सफरीतून माझी घरी रवानगी झाली असती. आज या परक्या बंदरात रत्नागिरीहून आलेलं बिस्किटाचं पाकीट उघडलं, त्यावर ‘सर्व करांसहित’ दिसलं आणि ते अमेरिकेतलं दुकान आठवलं. सकाळपासून जहाजाच्या स्वयंपाकघरात राबून अंग आंबलं होतं, थंडीनं पाय बधिर झाले होते, म्हणून लोकरीचे मोजे घेतले. लेबलावरचे दहा डॉलर ठेवले, तर गल्ल्यावरची मुलगी आणखी मागायला लागली. मला वाटलं, नववीत शाळा सोडलेला बघून फसवते आहे. देवरूखच्या बाजारात छापील किमतीपेक्षा जास्त मागितल्यावर भांडावं, तसा मी मराठीतच भांडलो, तिला चोर म्हणालो. शब्द नाही, पण आवाज तिला कळला. तिनं पहारेकऱ्याला बोलावलं. तक्रार कप्तानाकडे गेली असती तर नोकरी संपली होती. तेवढ्यात सारंग आले. “अरे शाण्या, ती लुटत नाय तुला! हितं कर वरून लावतात. आपल्याकडं किमतीतच घातलेला असतो, म्हणून दिसत नाय.” “म्हणजे घरीपण मी भरतो?” “जन्मल्यापासून! आता माफी माग तिची.” वरचे पैसे त्यांनीच भरले आणि जहाजावर कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. आता ते गावी असतात, पैशांचं नाव काढलं की रागावतात. पण पावसाळ्याआधी सुट्टी मिळू दे, त्यांच्या घराची सगळी कौलं मी माझ्या हातांनी परतून देईन.