डोंगर डोक्यावर घेणारा दामूमामा

गणपती जाऊन आठवडा झाला होता. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कॅन्टीनमध्ये मी भज्यांवर तुटून पडलेलो, तेवढ्यात मामेभाऊ रवीचा फोन. "दादा, बाबा गेले... झोपेतच. लगेच नीघ. आणि येताना घमेलं आण." बाप गेल्यावर घमेलं मागणारं घराणं पृथ्वीवर हे एकच असावं.

त्याला कारण मामाचं गाव. कल्याणच्या पलीकडे, डोंगराच्या माथ्यावरची वरची पेठ. एके काळी म्हणे तिथे घोडे, तोफा, सावकार, सगळं होतं; आता दगडी वेस, पाण्याचं टाकं आणि उरलीसुरली घरं. गाडीरस्ता नाही, नुसती पायवाट. आणि पाऊस दरवर्षी गावाची कड चावून खातो. मामाच्या आजोबांच्या लग्नात मांडवाला चार खांब होते. मामाच्या लग्नापर्यंत तीन खांबांपुरतीच जमीन उरली, म्हणून चौथा कोपरा मामीच्या काकांनी मंगलाष्टकं संपेपर्यंत हातात धरला. हे मामानेच सांगितलेलं, म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

तर पेठेचा नियम असा, की वर येणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नाही. पायथ्याशी वाहून आलेली माती घमेल्यात भरायची, डोक्यावरून वर आणायची, कडेला ओतायची, मगच चहा. मग तो जावई असो की तलाठी. "पाऊस चार महिने खाली नेतो, आपण बारा महिने वर न्यायची," मामा म्हणायचा. "सांग भाच्या, कोण जिंकेल?" जिंकायचा पाऊसच. आमची भुसभुशीत माती आषाढातच पुन्हा पायथ्याशी जाऊन आमची वाट बघत बसायची.

मग एका वर्षी भेग थेट मामाच्या अंगणात आली. रवीने मामा-मामीला पावसाळ्यापुरतं माझ्याकडे कोपरला आणून सोडलं. पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून मामा म्हणाला, "माझं घर धोक्याचं, आणि तुम्ही असे हवेत लटकलाय होय रे?" विनोद तेवढाच. पुढचे चार महिने हा बडबड्या माणूस डोंगराच्या दिशेला तोंड करून गप्प बसून राहिला... कड राहील, पण मामा ढासळेल, अशी मला धास्ती पडली.

दसऱ्याला वर गेलो. कड जागोजागी सुटलेली. फक्त एक तुकडा जसाच्या तसा, आणि त्यावर वाळ्याचं दाट गवत. ती मामीची करामत. पायथ्यापर्यंत उतरायचा कंटाळा, म्हणून तिने वाटेतल्या ओढ्याकाठची माती वाळ्याच्या मुळांसकट आणून ओतलेली. "आपल्या डोंगराची नव्हे ती, परकी माती!" म्हणून मामाने तेव्हा घर डोक्यावर घेतलेलं.

"आता बोला," मामी म्हणाली.

मामाने टोपी काढून त्या गवताला नमस्कार केला. मामीला नाही, तेवढा स्वाभिमान त्याने राखला. पण त्या दिवसापासून प्रत्येक घमेल्यात वाळ्याचा एक ठोंब सक्तीचा झाला, आणि पुन्हा तो पावसाळ्यात खाली उतरला नाही.

त्याला निरोप द्यायला डोंबिवलीचे साडू, ठाण्याच्या मेव्हण्या, चकचकीत बुटांतले एक बँकेतले साहेब, सगळे डोक्यावर घमेली घेऊन रांगेने चढले. खालून बघणाऱ्याला वाटावं, वर मोठं लग्न आहे! तेराव्याला रवीने विषय काढला, "आई, आता तू डोंबिवलीला माझ्याकडे चल." मामी म्हणाली, "पाऊस संपू दे. कड सरकली असली तर येईन."

मामा दरवर्षी पावसाच्या आधी कडेला एक पहार ठोकून ठेवायचा, दिवाळीच्या सुमारास ती शोधायला दरीत उतरायचा. गेल्या रविवारी आम्ही तिघं तिथे गेलो. मामाने यंदा ठोकलेली पहार वाळ्यात, कडेला, ताठ उभी. रवी बराच वेळ हलवून बघत होता, हलेना.

"सरकली कसली," मी म्हटलं, "उलट चार बोटं पुढे आलीय."

"दादा, थापा नको मारूस."

"चार बोटं कुठली?" मामी घराकडे वळत म्हणाली. "चांगली वीतभर आलीय."