पिल्लाचं तोंड मी फिरवलं

नवऱ्याला सांगितलं नाही. आई होती तोवर तिलाही नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिच्या हातचं तर मी इतकी वर्षं जेवत आले — दर सणाला, वर डबा भरून घेऊन. तुम्हाला सांगते आहे, कारण लिहिताना समोरचा माणूस डोळ्यांत बघत नाही. घ्या, एवढं तरी खरं बोलून सुरुवात केली.

मी बी.ए. आहे. हे आधीच सांगते, पुढं त्याचा संबंध आहे. आमचं घर ढिवराचं. सावली या तालुक्याच्या गावापासून थोडं आत, तलावाच्या पाळीला लागून गाव. बाप जाळ्यावर, भाऊ जाळ्यावर, आई डोक्यावर टोपली घेऊन मासोळ्या विकणारी. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. समाजशास्त्र घेतलं होतं. अंधश्रद्धा या प्रश्नावर मी पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं, आणि ते मी कितीतरी जणांना सांगितलेलं आहे. नोकरी लागली नाही. मग पार्लरचा कोर्स केला आणि सावलीत बाजाराच्या रस्त्यावर खोली घेतली. पाटी रंगवणाऱ्यानं माझ्या नावापेक्षा 'बी.ए.' मोठं काढलं. मी त्याला ते बदलायला लावलं नाही.

आता वहिनीबद्दल. सुमनवहिनी — माझ्या मोठ्या भावाची बायको. ती आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. माझी वेणी तिनं घातली, माझा डबा तिनं भरला. ती शिवायची. गोधड्या तर गावात सगळ्याच शिवतात. वहिनी जुन्या लुगड्यावर चित्रं शिवायची. पाळीवरचे बगळे, तलावातली कमळं, जाळं फेकणारा माझा भाऊ — त्याचं पोट आहे त्याहून सुटलेलं. पेन्सिलनं आखणं नाही की काही नाही. आखूड टाका, मग मोकळी जागा, मग परत टाका. आणि आपण काय करतो आहोत हे तिला चांगलं माहीत होतं. तालुक्याच्या प्रदर्शनात तिचं लुगडं टांगलं तेव्हा ती दिवसभर त्याच्या बाजूला उभी होती. "हात नोका लावू, डोळ्यानं पाहा," म्हणायची येणाऱ्याला. "माह्या हातचं हाय ते."

पार्लरमध्ये मी मेंदी काढायची. मग नागपूरहून गोंदणाचं मशीन आणलं. जुन्या गोंदणाऱ्या बाया सुयांनी टोचायच्या; हे विजेवर चालायचं, पोरींना त्याचं कौतुक. आधी नावं, बदाम, त्रिशूळ. एकदा एका पोरीच्या मनगटावर मी वहिनीचा बगळा काढला — सुई उचलत, मोकळी जागा सोडत, टाका-टाका. कातडीवर कोणी धाग्यानं शिवलंय असं वाटायचं. तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या बहिणी. वहिनीला कळलं तेव्हा ती काय खूश झाली! "लुगडं फाटन, घर पडन," ती म्हणाली, "हे मातर सरणापर्यंत जाते. काढ, बीए बाई, साऱ्या तालुक्याच्या अंगावर काढ."

एक सोडून. एकच काढू नको म्हणाली होती.

वहिनीला मुलगी झाली होती, पिंकी. चालायला लागायच्या आत तापानं गेली. वहिनी भाताच्या रोवण्याच्या दिवसांत तिला बांधावर घेऊन जायची, सगळ्याच नेतात. पण पोरगी गेल्यावर आमच्या आईनं रागाच्या भरात एकदा म्हटलं — लेकरू खाल्लंस तू. आमच्याकडं असं म्हणतात. मूल गेलं की आईला म्हणतात, खाल्लं.  पुढं वहिनीनं एक मरळ शिवली. मोठी, काळ्या धाग्याची, आणि तिच्या पोटात एक बारीक मासोळी.

तुम्ही ते लुगडं पाहिलं असतं तर म्हणाला असता, वा, गाभणी मासोळी. ढिवराच्या घरचं माणूस तसं म्हणणार नाही. मरळ चिरली की पोटातून कधीकधी अख्खी मासोळी निघते, गिळलेली. तिचं तोंड मरळीच्या शेपटीकडं असतं, कारण ती डोक्याकडून आत गेलेली असते. मी लहानपणी विळ्यावर अशा कितीतरी काढल्या आहेत. वहिनीच्या लुगड्यावर त्या पिल्लाचं तोंड शेपटीकडं होतं. बघताक्षणी मला कळलं, आणि मला कळलं हे वहिनीला कळलं.

"हे कोणाच्या अंगावर नोको काढू," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

मग का काढली? स्वतःला विचारून झालंय. व्याहाडची एक ठेकेदाराची बायको मेंदीला यायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. त्या दिवशी तिनं हळूच विचारलं — शीलाताई, लेकरासाठी काही असते का गोंदणात? जुन्या बाया काढत होत्या म्हणते. नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या बाईचा माझ्यावरचा विश्वास मला आवडला. चार बाया बसल्या होत्या, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. पाटीवर 'बी.ए.' होतंच. मी कागद घेतला आणि वहिनीची मरळ काढली. फक्त पिल्लाचं तोंड फिरवलं. शेपटीकडचं तोंड डोक्याकडं केलं — म्हणजे आता ते बाहेर यायला निघालं आहे. म्हटलं, "ही भरल्या ओटीची मासोळी. आमच्या ढिवरांमधलं फार जुनं गोंदण आहे."

असं गोंदण कधीच नव्हतं. ते नाव मी सुई पुसता पुसता बनवलं.

त्या बाईला दिवस गेले. पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली. माझ्याहून मोठी असून. मग बघायला नको. चामोर्शीकडून, वैनगंगेच्या पलीकडून बाया यायला लागल्या. काही सासूला घेऊन, काही सासूपासून लपून. एक तर पोटाच्या शस्त्रक्रियेचा व्रण दाखवत म्हणाली, याच्या बाजूलाच काढा. मी कोणालाच 'लागू पडतं' असं म्हटलं नाही, 'पडत नाही' असंही नाही. "विश्वास ठेवा, बाई," एवढं म्हणायची. किती सोयीचं वाक्य आहे, नाही? ज्यांना झालं त्या पेढे घेऊन आल्या. ज्यांना झालं नाही त्या परत आल्याच नाहीत. हे असंच होतं, हे मी पुस्तकात शिकले होते. त्यावर मला मार्क मिळाले होते.

हा झाला अर्धा अपराध. इथंच थांबले असते तर हे लिहायला बसले नसते.

त्या काळात वहिनी आणि भाऊ चंद्रपूरला दवाखान्यात जात होते. पिंकीनंतर दिवस राहत नव्हते म्हणून. गोळ्या होत्या, तपासण्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं — आशा आहे, पण वय थांबत नाही, उपचारात खंड पाडू नका. हे मला माहीत होतं. दवाखान्याची चिठ्ठी वाचून दाखवायला ते दोघं माझ्याकडंच यायचे ना.

एका बाजाराच्या दिवशी वहिनी पार्लरमध्ये आली. मला वाटलं, आता भांडण. मासोळीचं तिच्या कानावर गेलं असणार. मी आधीच तोंड पाडून बसले. ती म्हणाली, कागद दाखव. मी दाखवला. तिनं तो खिडकीशी नेला, मरळीच्या पाठीवरून बोट फिरवलं, पोटाशी ते थांबलं.

"पिल्लाचं तोंड फिरवलं तू."

मी मशीनची वायर गुंडाळायला लागले.

"मले हे सुचलंच नाई पाय," ती म्हणाली, आणि हसली. खरंच हसली, प्रदर्शनात हसायची तशी. "म्या खाणारी काढली. तू देणारी केली. म्हणूनच लागू पडते ते."

तुमच्या लक्षात येतंय का काय झालं? जिनं ती मासोळी आपल्या पोरीच्या दुःखानं शिवली, तिला माहीत होतं की असं कुठलंही जुनं गोंदण आमच्यात नाही. गावभर फसलं तरी ती फसायला नको होती. पण ती फसली, कारण पिल्लू फिरवणारी मी होते. बाकी जगाचा गोंदणावर विश्वास होता. तिचा माझ्यावर होता. ती खुर्चीत बसली, बाही वर केली. "बीए बाई, मरळीचं पोट तुह्या भावासारखं नोको काढू म्हणजे झालं." मी मशीन सुरू केलं. काढली. हात जराही हलला नाही माझा — आजवर काढलेली ती सगळ्यांत चांगली मासोळी आहे, आणि हे लिहितानाही मला त्याचा थोडा अभिमान वाटतो. हेही खरंच आहे, म्हणून लिहिते.

तिनं दवाखाना सोडला.

भाऊ माझ्याकडं आला. तो बोलका माणूस नाही. दाराशी उभा राहून चपलेनं उंबऱ्याची माती काढत राहिला. म्हणाला, "शीला, तू सांग तिले. गोया बंद केल्या तिनं. माह्यं नाई ऐकत, तुह्यं ऐकते." मी गेले. वहिनी चुलीपुढं होती. मी म्हटलं, वहिनी, चंद्रपूरला जाणं सोडू नको, दोन्ही चालू दे. ती माझ्याकडं वळली. चेष्टेत नव्हे, अगदी सरळ विचारलं तिनं —

"काऊन? तुह्याच गोंदणावर तुह्या भरोसा नाई काय?"

इथं मी काय करू शकत होते ते तुम्हाला सांगायला नको. एक वाक्य. वहिनी, ते मी बनवलं. बस. ती रागावली असती, मला हाकलून दिलं असतं, गावभर बोंब केली असती. पार्लर बंद पडलं असतं, पाटी उतरली असती. आणि ती परत बसमध्ये बसून चंद्रपूरला गेली असती.

मी म्हटलं, "आहे ना, वहिनी. भरोसा आहे."

हेच ते, जे कोणालाच सांगितलं नाही. एवढं सांगायला इतकी पानं लागली.

बाकी काही घडलं नाही. 'काही घडलं नाही' हेच घडलं. वर्षं गेली. भाऊ एकदोनदा म्हणाला, मग म्हणायचा थांबला. वहिनीचं वय झालं, पाळी थांबली. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. तिच्या हातावरची मासोळी पसरून निळसर झाली होती. ती म्हणाली, "साऱ्यायले लागू पडलं. माह्यातच खोट होती, दुसरं काय." कुठलीही तक्रार नसल्यासारखी म्हणाली. मी सुपातले खडे काढत राहिले. आईनं एकदा तिला 'खाल्लंस' म्हटलं होतं, त्यासाठी मी आईशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आणि आता ती स्वतःला तेच म्हणत होती, मी ऐकत होते, आणि मी खडे काढत होते.

ती मासोळी काढणं मी पुढं बंद केलं. पश्चात्तापानं केलं असं लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. पोरींना दुसरं काही आवडायला लागलं, एवढंच.

उपचार चालू ठेवले असते तर मूल झालंच असतं का? मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नसेल. या 'माहीत नाही'च्या मागं मी बरीच वर्षं लपले. पण मी काय हिरावलं ते मला नीट माहीत आहे: डॉक्टरीणबाई जिला आशा म्हणाल्या होत्या ती. ती त्या दोघांची होती. ठेवायची की सोडायची, हे खरं काय ते माहीत असताना त्यांनी ठरवायचं होतं. ते मी ठरवलं.

आता मी ठरवलं आहे ते असं. हे छापायला देण्याआधी मी गावी जाणार आहे आणि हे जसं आहे तसं वाचून दाखवणार आहे. तोंडी सांगणार नाही. तोंडी सांगताना मी गोड बोलेन, मला माझी सवय माहीत आहे. वहिनीला एकटीला गाठून वाचणार नाही. ती एकटी असली तर माझ्यासाठीही काहीतरी पांघरूण शोधेल. भाऊ जाळं सुकवून घरात येईल, जेवण व्हायचं असेल, तेव्हा वाचणार. दोघांसमोर. तो तेव्हा माझ्या दारात उभा राहून मला विनवत होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, सांगते मी तिला.

तिला मी काय सांगितलं ते त्यानं ऐकावं.