शेंडे बाईचा फॉन्ट

हे मी पहिल्यांदा तुम्हालेच सांगून राहिलो. माझ्या बायकोले माहीत नाही, शाळेत कोणाले माहीत नाही, अन् जिच्याबद्दल आहे त्या शेंडे बाईले तर मुळीच नाही. साताठ वर्षं झाली. दरवेळी गोष्ट ओठापर्यंत येते — अन् मग मले हसूच फुटते. आता हसू आलं म्हणून पाप धुतलं जाते काय? नाही ना? मग ऐका.

मी मास्तर. राहतो नागपूरले, शाळा कुहीच्या पुढे एका खेड्यात, रोज गाडीनं अपडाऊन. कॉम्प्युटरमधलं मले थोडं जास्त समजते — म्हणजे आमच्या केंद्रातल्या बाकी मास्तरांपेक्षा. केंद्र म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळा. कोणाचा प्रोजेक्टर लागत नाही, बोलवा सरले. कोणाची फाईल उघडत नाही, बोलवा सरले. मीबी मोठ्या तोऱ्यात जायचो, कॉलर टाइट करून! माझ्या प्रेझेंटेशनमध्ये अक्षरं गरगर फिरत यायची अन् मागून टाळ्यांचा आवाज निघायचा. टाळ्या मीच भरल्या होत्या, बरं. लोक वाहवा म्हणायचे अन् मले ते खरं वाटायचं.

शेंडे बाई माझ्याच शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायच्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, रिटायर व्हायले दोन वर्षं राहिली होती. माउस धरला की त्यांचा हात थरथरायचा. मास्तर लोक हसायचे. "बाई, उंदीर चावते काय?" — असं म्हणणारा मीच होतो, हेबी लपवत नाही. पण बाई जिद्दीच्या. एक दिवस माझ्या बाजूले खुर्ची ओढून बसल्या अन् म्हणाल्या, "सर, मले शिकवा. हे न शिकता मी रिटायर नाही होत." मग शिकवलं मी. पाच-सहा महिन्यांत बाई स्वतःच्या हातानं स्लाइड बनवू लागल्या.

पण बाईले एक गोष्ट खुपत होती. मशीनमधल्या फॉन्टात ल अन् श हिंदीच्या वळणाचे. "माझ्या पोट्ट्याईनं असा ल कधी पाहिलाच नाही," बाई म्हणाल्या, "मी फळ्यावर काढते तो ल पाहिजे." मी म्हटलं, चालते बाई, कोण पाहते? बाई काही ऐकणाऱ्यातल्या नाहीत. रविवारी नागपूरले, बर्डीच्या बाजारातल्या एका टायपिंगवाल्याकडं गेल्या अन् एक जुना मराठी फॉन्ट घेऊन आल्या. गोल, ठसठशीत अक्षर, थेट त्यांच्या फळ्यावरचं! तो लॅपटॉपमध्ये कसा बसवायचा हे मीच दाखवलं. अन् बजावलंबी — बाई, हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट होय. दुसऱ्या मशीनमध्ये तो बसवला नाही तर तिथं तुमचं मराठी दिसणार नाही, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. फाईलसोबत फॉन्टबी न्यायचा अन् आधी तो बसवायचा. बाईनं हे वहीत लिहून घेतलं, वरून लाल पेनानं चौकट केली.

महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे मास्तर एका शाळेत जमतात. त्याले शिक्षण परिषद म्हणतात. तर्री-पोहा असते, भाषणं असतात, अन् नशीब असलं तर थोडं शिक्षणबी असते. त्या महिन्यात तालुक्याचे साहेब येणार होते. सगळ्यांची प्रेझेंटेशनं पाहून ते एकाले जिल्ह्याच्या कार्यक्रमासाठी निवडणार होते. एकालेच. आधीची दोन वर्षं मीच गेलो होतो. यंदाबी मीच, हे मी घरी सांगून टाकलं होतं, नवा शर्ट शिवायले टाकला होता.

परिषदेच्या दिवशी सकाळी बाईनं मले त्यांच्या स्लाइड दाखवल्या. काय होतं त्यात? काहीच नाही! एक आंबा, खाली एक शब्द. एक बैल, खाली एक शब्द. ना फिरणं, ना टाळ्या. पण मी शेवटपर्यंत पाहत राहिलो. हे माझ्यापेक्षा चांगलं आहे — दुसऱ्या स्लाइडलेच कळलं होतं मले. ही बाई जिंकते, बावा! ज्या बाईले मी माउस धरायले शिकवलं, ती मलेच मागं टाकते?

आता ती जागा येते. इथंच मी दरवेळी अडतो.

परिषदेतलं मशीन चालवायले मीच बसलो होतो. दुसरं कोण बसणार? बाईनं पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही सांगितलं तसं फॉन्टबी आणला. तेवढा बसवून द्या." दोन फायली होत्या, एक प्रेझेंटेशनची, एक फॉन्टची. मी फॉन्टच्या फाईलवर क्लिक केलं. खिडकी उघडली, आत अक्षरांचा नमुना, वर इन्स्टॉलचं बटण. बाण मी त्या बटणावर नेला. मग — मग तिथून उचलून कोपऱ्यातल्या फुलीवर नेला. अन् फुली दाबली. बाई मागंच उभ्या होत्या, पदरानं चष्मा पुसत.

"झालं काय, सर?"

"झालं, बाई."

विसरलो नव्हतो. घाई नव्हती. लाइट गेली नव्हती. एक बटण सोडून दुसरं दाबलं अन् वरून खोटं बोललो.

बाईचा नंबर आला. पडद्यावर आंबा आला, अन् आंब्याखाली चिवडा! दोन इंग्रजी अक्षरं, मध्येच एक कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह. मागं कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी कागदातून मान वर काढली. मी अरेरे करायले तोंड पाडून तयारच बसलो होतो. बाईनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं. फॉन्ट बसवायले लागते किती वेळ? अर्धं मिनिट. तरी मी जागचा हललो नाही.

अन् बाई हसल्या हो! खळखळून हसल्या. कोपऱ्यातली छडी उचलली, पडद्यावर टेकवली अन् खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हं, पोट्टेहो! आज पहिलीचा पहिला दिवस. वाचा, काय लिहिलं?"

चाळीस मास्तर डोळे बारीक करून पडद्याकडं पाहू लागले.

"नाही येत? कसं येईल! पोट्टं पहिल्यांदा पुस्तक उघडते तेव्हा त्यालेबी असंच दिसते. अन् आपण त्याले ढ म्हणतो."

अरे बाप्पा! मग जे झालं ते कसं सांगू? बाई आंब्यावर छडी टेकवायच्या, आम्ही ओरडायचो — आंबा! मग चिवड्यावर छडी — आंबा! फॉन्ट नसला तरी एका अक्षराची खूण एकच राहते ना. आंब्यातल्या ब ची जी खूण, तीच बैलात, तीच बदकात. ते कोणीतरी पकडलं, बाकावरून उठून ओरडलं, "हा ब होय, ब!" अन् सगळे सुटले. पाचव्या-सहाव्या स्लाइडले बाईनं चित्र वहीनं झाकलं, तरी मास्तर लोक तो चिवडा घडाघडा वाचून राहिले होते. साहेबांनी हात वर केला, "बाई, मी सांगू?" बाई म्हणाल्या, "तुम्ही खाली बसा. मागच्या पोट्ट्याले वाचू द्या." साहेब बसले हो खाली! हॉलमध्ये असा हशा उठला की आचारी पोह्याचा झारा घेऊनच दारात येऊन उभा राहिला. मी तर टेबलावर डोकं ठेवून हसलो, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. माझा हेवा कुठं पळाला, मलेच पत्ता नाही. माझ्या सगळ्या मास्तरकीतला तो सगळ्यात आनंदाचा तास. अन् तो निघाला कशातून? माझ्या लबाडीतून. याचं माणसानं काय करावं, सांगा.

निवड अर्थातच बाईची झाली. जिल्ह्याच्या कार्यक्रमाले नागपूरले आल्या तेव्हा मशीन चालवायले त्यांनी मलेच संगं घेतलं. "सर, आज फॉन्ट नका बसवू बरं!" मोठा हॉल, सगळ्या तालुक्यांचे मास्तर, अन् सगळे चिवडा वाचून राहिलेले. शेवटी बाईनं माइक घेतला. वाटलं, आभार मानतील. बाई म्हणाल्या, "हे काही माझं डोकं नाही. त्या दिवशी आमच्या सरांनी फॉन्ट मुद्दाम बसवला नव्हता. मलेच शिकवणारा माणूस, त्याईले फॉन्ट बसवता येत नाही काय? त्याईनं माझी परीक्षा घेतली. त्याईले भरवसा होता, बाई निभावून नेईल. उठा सर, उठा!"

अन् मी उठलो.

नवा शर्ट घालून उठलो, चारी बाजूले वळून हात जोडले. टाळ्या काय पडल्या! या वेळी त्या मी भरलेल्या नव्हत्या. "नाही बाई, तसं नव्हतं" — एवढंच म्हणायचं होतं. काहून नाही म्हटलं? फुली दाबताना हेवा होता, चला, तो मनात शिरला अन् निघून गेला. पण हात जोडताना तर हेवाबी नव्हता. नुसतं गोड लागत होतं. तुम्हीच ठरवा, यातलं मोठं कोणतं.

बाई रिटायर झाल्या. त्यांच्या निरोप समारंभात त्यांनी हट्टानं मले स्टेजवर बसवलं, स्वतःच्या अंगावरची शाल माझ्या खांद्यावर टाकली. ती मी थंडीत वापरतो, चांगली उबदार आहे. बायको शेजारणीले अजून सांगते की आमच्या ह्यांनी एका बाईचं कसं भलं केलं. मी तिथंच बसून चहा पितो. अन् बाई घरी बसणाऱ्यातल्या थोडीच आहेत? आता गावोगावच्या अंगणवाडीच्या बायांले शिकवत फिरतात, तोच आंबा, तोच बैल, तोच न बसवलेला फॉन्ट. प्रत्येक ठिकाणी हशा, प्रत्येक ठिकाणी माझी गोष्ट.

परवा रामटेकले असाच कार्यक्रम होता. बाईनं गाडी पाठवून मले बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. बाया हसून हसून बेजार झाल्या, मीबी झालो — दरवेळी होतोच. मग बाई नेहमीसारखं माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "या सरांले माझ्यावर पूर्ण भरवसा होता." सगळ्यांसंगं मीबी टाळ्या वाजवल्या.

यात बाईचं काही चुकलं नाही. भरवसा होताच मले. बाई जिंकते, यात तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच तर फॉन्ट बसवला नाही.